लिटर, किलो, युनिट

वाहनाचे इंधन तीन मापांनी विकले जाते. पेट्रोल आणि डिझेल लिटरने, सीएनजी किलोने आणि वीज युनिटने. लिटर म्हणजे आकारमान, किलो म्हणजे वजन आणि युनिट म्हणजे थेट ऊर्जा. त्यामुळे तिन्हींचे भाव शेजारी मांडून स्वस्त-महाग ठरवता येत नाही. गाडी चालते ती इंधनात साठलेल्या ऊर्जेवर, तेव्हा तुलनाही ऊर्जेचीच करावी लागते. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे ३२ मेगाजूल उष्णता देते. विजेच्या मापात सांगायचे तर जवळपास ९ युनिट. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाजूल, म्हणजे १० युनिट असतात. एक किलो सीएनजीत ४८ मेगाजूलच्या आसपास, म्हणजे १३ युनिटांहून थोडी अधिक ऊर्जा असते. किलोभर सीएनजी हे दीड लिटर पेट्रोलच्या बरोबरीचे आहे. गॅसवरची रिक्षा जास्त अ‍ॅव्हरेज देते असे स्टँडवर ठामपणे सांगितले जाते. त्यातला मोठा वाटा या मापाच्या फरकाचा आहे, इंजिनाचा त्यात हात थोडाच.

हा हिशेब रोजच्या रस्त्यावर कसा उतरतो ते एका वस्तीतून पाहू. उल्हास नदीकाठचे मोहने कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत येते. शहाड आणि आंबिवली ही त्याची जवळची स्टेशने. नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची एनआरसी, चालू होती तोवर इथल्या कितीतरी घरांचा कामाचा रस्ता कॉलनीपासून कंपनीच्या गेटपर्यंतचा होता आणि तो पायी किंवा सायकलीवर सरत असे. २००९ मध्ये कंपनी बंद पडली. मग काम शोधायचे तर शहाड, आंबिवली नाहीतर कल्याण स्टेशन गाठणे आले आणि त्यासाठी शेअर रिक्षा किंवा स्वतःची दुचाकी आली. आज सकाळच्या गर्दीच्या वेळी कल्याणच्या रस्त्यावर गॅसच्या रिक्षा, पेट्रोलच्या स्कूटर, डिझेलचे टेम्पो आणि मधूनच आवाज न करता पुढे सरकणारी विजेची स्कूटर एकाच रांगेत अडकलेली दिसतात. रस्ता तोच, खड्डेही तेच. पण प्रत्येकीच्या पोटात काय चालले आहे ते निरनिराळे आहे आणि मालकाच्या खिशावर त्याचा परिणामही निरनिराळा होतो.

पेट्रोल आणि ठोकणारे इंजिन

कल्याणच्या पट्ट्याला सर्वांत जवळच्या रिफायनऱ्या म्हणजे माहुलच्या दोन: एक भारत पेट्रोलियमची, दुसरी हिंदुस्तान पेट्रोलियमची. दोन्ही १९५०च्या दशकात परदेशी कंपन्यांनी उभारल्या आणि १९७०च्या दशकात सरकारी झाल्या. तिथे कच्चे तेल तापवून त्याचे घटक उकळबिंदूनुसार वेगळे केले जातात. सर्वांत वर गॅस, मग पेट्रोलच्या जातीचे हलके घटक, त्याखाली रॉकेल, त्याखाली डिझेल आणि तळाशी डांबर. पेट्रोल हा एकच पदार्थ नसून शेकडो हलक्या हायड्रोकार्बनचे मिश्रण आहे. ते शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेण्याजोगी वाफ सोडते, म्हणून पंपावर काडी ओढणे, मोबाइलवर बोलत नोझलजवळ उभे राहणे किंवा इंजिन चालू ठेवणे मना असते.

पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दट्ट्या दाबतो आणि दाब पुरेसा झाला की प्लगची ठिणगी ते पेटवते. मिश्रणाने ठिणगीची वाट पाहायला हवी. दाबाने आणि उष्णतेने त्याचा काही भाग आपणहून पेटला, तर सिलिंडरमध्ये दोन ज्वाला एकमेकींवर आदळतात आणि चढावर गाडी खडखडू लागते. मेकॅनिक म्हणतो, इंजिन ठोकतेय. हे ठोकणे सहन करण्याची पेट्रोलची ताकद ऑक्टेन आकड्याने मोजतात. आयसो-ऑक्टेन नावाच्या द्रवाला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य गुण धरले आहेत. ९१ ऑक्टेनचे पेट्रोल म्हणजे या दोहोंच्या ९१ आणि ९ अशा मिश्रणाइतके सोशिक पेट्रोल. भारत स्टेज सहा, म्हणजे वाहनांच्या धुरासाठीच्या राष्ट्रीय मानकांचा सहावा टप्पा; त्यात साध्या पेट्रोलला किमान ९१ ऑक्टेनचे बंधन ठरले. महाग मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ९५ आणि काही मोजक्या पंपांवर १०० ऑक्टेनचा मालही मिळतो.

इथे ग्राहकाचे पैसे हकनाक जातात. ऑक्टेन हा शक्तीचा आकडा नाही. जास्त ऑक्टेनच्या लिटरमध्ये जास्त उष्णता नसते. ते फक्त जास्त दाब सोसते. उच्च दाबाचे किंवा टर्बोचे इंजिन असेल तर ते त्याचा उपयोग करून घेते. स्टेशनपर्यंत जाणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या दुचाकीला त्याने ना पिकअप वाढतो ना अ‍ॅव्हरेज. गाडीच्या पुस्तिकेत जो आकडा छापला आहे तेवढाच पुरे.

ऑक्टेन वाढवण्यासाठी पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे घालत. मुलांच्या मेंदूला त्याने होणारी इजा उघड झाल्यावर २००० साली देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. पुढचा शत्रू गंधक. भारत स्टेज चारमध्ये इंधनाच्या दहा लाख भागांत गंधकाचे ५० भाग चालत. १ एप्रिल २०२०पासून ही मर्यादा १०वर आली. गंधक सायलेन्सरमधल्या उत्प्रेरकावर बसून त्याला निकामी करते. इंधन शुद्ध झाल्याशिवाय धूर शुद्ध करणारी यंत्रणा गाडीत बसवताच येत नव्हती.

पंपावर पारख करण्याचे तीन मार्ग ग्राहकाच्या हातात आहेत आणि तिन्ही हक्काचे आहेत. पाच लिटरचे वैधमापन विभागाची मोहोर असलेले माप प्रत्येक पंपावर असावे लागते. त्यात ओतून दाखवा म्हटले की दाखवावे लागते आणि पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त घट चालत नाही. दुसरा मार्ग फिल्टर पेपरचा: नोझलचा थेंब कागदावर टाकायचा, पेट्रोल उडून जाते आणि मागे डाग उरला तर भेसळीची शंका घ्यायची. तिसरा घनतेचा. त्या दिवसाची १५ अंश तापमानाची घनता पंपावर लिहिलेली असते. पेट्रोलची ७२० ते ७७५ आणि डिझेलची ८१० ते ८४५ किलो प्रति घनमीटर या पट्ट्यात असते. भल्या पहाटे थंडीत भरले की जास्त मिळते हा समज मात्र सोडून द्यावा. टाकी जमिनीखाली असते, तिथले तापमान दिवसभरात फारसे हलत नाही.

मापात पाप करणारे आहेत म्हणून ही पारख सांगावी लागते. शिधावाटपाचे रॉकेल निळे रंगवले जाते ते ते इंधनात मिसळले जाऊ नये म्हणूनच. या भेसळीमागे किती पैसा आणि किती क्रौर्य असू शकते ते महाराष्ट्राने २५ जानेवारी २०११ रोजी पाहिले. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेलाचा बेकायदा धंदा पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तिथे जिवंत जाळण्यात आले. रॉकेलची भेसळ हा विषय निघाला की त्यांचे नाव घ्यायलाच हवे.

उसाचा वाटा आणि पुराचे पाणी

आज पंपावर पेट्रोल म्हणून जे मिळते त्याचा पाचवा हिस्सा इथेनॉल आहे. २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य आधी २०३० सालचे होते, ते अलीकडे ओढून २०२५ केले गेले. या इथेनॉलमध्ये महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांचा मोठा भाग आहे. उसाचा रस, साखर काढताना उरणारी मळी, शिवाय मका आणि खराब झालेले धान्य आंबवून ते तयार होते. साधे ऊर्ध्वपातन ९५ टक्क्यांच्या जरा पुढे जाऊन अडते, कारण त्या टप्प्यावर पाणी आणि अल्कोहोल बरोबरच उकळतात. उरलेले पाणी शोषून घेणाऱ्या खड्यांमधून वाफ नेली की साडेनव्याण्णव टक्क्यांच्या वरचे, गाडीला चालणारे इथेनॉल मिळते.

इथेनॉलचा ऑक्टेन आकडा १०८च्या आसपास आहे, त्यामुळे मिश्रण ठोकण्याला अधिक सोशिक होते. पण एका लिटर इथेनॉलमध्ये जेमतेम २१ मेगाजूल उष्णता असते, पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. २० टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये म्हणून शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे ७ टक्के ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही ही घट कबूल केलेली आहे: जुन्या धाटणीच्या चारचाकीत ६ ते ७ टक्के, दुचाकीत ३ ते ४ टक्के आणि मिश्रणासाठीच जुळवलेल्या नव्या चारचाकीत १ ते २ टक्के. स्टँडवर ऐकू येणारे अर्धे अ‍ॅव्हरेज गेले हे म्हणणे या आकड्यांत बसत नाही आणि काहीच फरक पडत नाही हे म्हणणेही बसत नाही. जो ग्राहक लिटरचा पूर्ण भाव मोजतो त्याला ही घट पंपावरच्या फलकावर वाचायला मिळायला हवी.

दुसरा प्रश्न रबराचा. इथेनॉल काही जातींचे रबर फुगवते आणि काही धातू गंजवते. एप्रिल २०२३पासूनच्या गाड्यांत पाइप, सील आणि पंपाचे भाग त्याला टिकतील असे असतात. दहा-पंधरा वर्षे जुन्या, कार्ब्युरेटरच्या दुचाकीत मात्र इंधनाची नळी, टॅपचे वॉशर आणि कार्ब्युरेटरची गास्केट दरवर्षी तपासून घेणे बरे. त्यांची किंमत थोडी असते, गळतीने लागणाऱ्या आगीची मोठी.

मोहन्यासारख्या नदीकाठच्या वस्तीत तिसरा प्रश्न सर्वांत जवळचा आहे: पाणी. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी फुगली. २०१९च्या त्याच पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली होती. शुद्ध पेट्रोलच्या टाकीत पाणी गेले तर ते तळाशी वेगळे बसते आणि टाकीचा तळ रिकामा करून काढता येते. इथेनॉलच्या मिश्रणाचे वागणे वेगळे. थोडेसे पाणी ते स्वतःत सामावून घेते आणि गाडी कुरकुर न करता चालते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर खाली उतरते. टाकीत वर ऑक्टेन घटलेले पेट्रोल आणि तळाशी इथेनॉल-पाणी असे दोन थर होतात, आणि इंजिन ओढते ते तळातून. पुरात बुडालेल्या गाडीचे इंधन गाळून पुन्हा वापरता येत नाही. ते सगळे काढून टाकावे लागते. अशी गाडी किक मारून पाहणे ही सर्वांत महाग पडणारी चूक, कारण टाकीतले पाणी त्या एका किकने इंजेक्टरपर्यंत पोचते. पंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांनाही हाच धोका असतो. तिथे डिपच्या काठीला रंग बदलणारी पेस्ट लावून तळाशी पाणी आहे का ते रोज पाहतात. पावसाळ्यात ग्राहकानेही ते विचारायला संकोचू नये.

डिझेल: ठिणगीविना

डिझेलच्या इंजिनात प्लग नसतो. आत फक्त हवा घेतली जाते आणि ती मूळ आकारमानाच्या सोळाव्या-अठराव्या हिश्शाइतकी दाबली जाते. त्या दाबाने हवा शेकडो अंश तापते आणि मग तीत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपणहून पेटतो. पेट्रोलमध्ये जो दोष तो डिझेलमध्ये गुण: इथे पटकन पेटणारे इंधन हवे असते. ही तत्परता सिटेन आकड्याने मोजतात आणि भारत स्टेज सहाच्या डिझेलला तो किमान ५१ लागतो. जास्त दाबामुळे हे इंजिन उष्णतेचा मोठा भाग कामाला लावते, शिवाय डिझेलच्या लिटरमध्ये उष्णताही अधिक. कल्याणच्या बाजार समितीत भाजी आणणारा टेम्पो असो की माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा ट्रक, ओझे ओढायचे असेल तिथे डिझेल टिकून आहे ते म्हणून.

किंमत धुरात मोजावी लागते. डिझेलच्या धुरात काजळीचे कण असतात आणि प्रचंड तापमानात हवेतल्याच नायट्रोजनचे ऑक्साइड तयार होतात. भारत स्टेज सहाच्या गाडीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती भरत आली की गाडी आतल्याआत तापमान वाढवून काजळी जाळते. यासाठी सलग वीस-पंचवीस मिनिटे वेगाने धावणे लागते. शहाडच्या कोंडीत रोज चार किलोमीटर सरपटणाऱ्या डिझेल कारला ती संधी मिळत नाही, दिवा लागतो आणि वर्कशॉपची फेरी ठरते. नायट्रोजन ऑक्साइडसाठी मोठ्या वाहनांत वेगळी टाकी असते. तिच्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी अतिशुद्ध पाणी असते. पंपावर बादलीतून किंवा कॅनमधून विकले जाणारे निळ्या झाकणाचे द्रावण ते हेच. त्याच्या जागी नळाचे पाणी किंवा शेतीचा युरिया कालवून घातला की वाचलेल्या शंभर रुपयांपोटी हजारोंचा उत्प्रेरक जातो. आणि डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरले गेले, तर चावीला हात न लावता गाडी ढकलून बाजूला घ्यावी. डिझेल हेच फवारा सोडणाऱ्या उच्च दाबाच्या पंपाचे वंगण असते. पेट्रोल ते धुऊन टाकते.

गॅसचा पंप आणि प्रेशरची वाट

सीएनजी म्हणजे दाबलेला नैसर्गिक वायू, मुख्यतः मिथेन. मुंबईच्या समुद्रात १९७४ साली बॉम्बे हायचे साठे सापडले, उरणला गॅस आला आणि १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली. पण रिक्षा-टॅक्सी गॅसवर जाण्यामागे नुसता पुरवठा नव्हता. मुंबईच्या धुराने त्रासलेल्या नागरिकांच्या 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' या संस्थेने उच्च न्यायालयात लढलेली जनहित याचिका होती. तिच्यातून परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि जुन्या टॅक्सी-रिक्षांना स्वच्छ इंधनावर नेणारे आदेश निघाले. आज महानगर प्रदेशातली रिक्षा म्हटली की गॅसचीच गृहीत धरली जाते. त्याची सुरुवात सामान्य रहिवाशांच्या खोकल्यापासून झाली ही गोष्ट विसरली जाऊ नये.

पंपावर गॅस कसा भरला जातो हे समजले की रांगेचे कोडे उलगडते. भूमिगत नळातून येणारा गॅस कमी दाबाचा असतो. कॉम्प्रेसर तो २५० बारपर्यंत, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या अडीचशे पट दाबून सिलिंडरांच्या संचात साठवतो. या संचाला कॅस्केड म्हणतात आणि त्याचे कमी, मध्यम व उच्च दाबाचे असे तीन गट असतात. रिक्षाची टाकी रिकामी असते तेव्हा कमी दाबाचा गटही पुरतो. तिच्यातला दाब वाढत जातो तसे यंत्र पुढच्या गटावर जाते आणि २०० बारला थांबते. गॅस वाहतो तो केवळ दाबाच्या फरकाने. रांग लांबली, कॉम्प्रेसर मागे पडला, की उच्च दाबाचा गटही १६०-१७०वर उतरतो. मग प्रेशर नाही ही आरोळी येते आणि चालकाला अर्ध्या टाकीवर निघावे लागते. जिथे नळच पोचलेला नाही तिथे ट्रकवर लादलेले सिलिंडर मोठ्या पंपावरून भरून आणतात. असा पंप दुपारी कोरडा पडला तर दुसरा ट्रक येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसतो.

उष्णतेचाही यात वाटा आहे. गॅस वेगाने भरताना टाकी तापते. तापलेल्या गॅसचा दाब लवकर २०० होतो आणि यंत्र थांबते. टाकी थंड झाली की काटा खाली येतो. मे महिन्याच्या दुपारी टाकी फुल करूनही गॅस कमी बसतो तो याचमुळे, आणि चालकाची फसवणूक झाल्याची तक्रार इथे खरी नसते. किलोचे बिल तर वजन मोजूनच होते, तेव्हा बसला तेवढ्याचेच पैसे लागतात. त्याचे नुकसान होते ते वेळेचे. रिक्षाच्या टाकीत चारेक किलो गॅस मावतो. किलोला ३०-३५ किलोमीटर धरले तर सव्वाशे किलोमीटर. दिवसभर मोहने-कल्याण फेऱ्या मारणाऱ्याला दिवसाआड नव्हे, जवळपास रोज पंपावर जावे लागते आणि रांगेत गेलेला प्रत्येक तास म्हणजे हुकलेल्या फेऱ्या. गॅसचा खरा भाव काढायचा तर हा वेळही किलोच्या किमतीत मिळवायला हवा. पुरवठा एकाच नळावर किती टांगलेला आहे ते नोव्हेंबर २०२५ मध्ये दिसले. तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या आरसीएफ आवारात गेलची मुख्य वाहिनी फुटली, वडाळ्याच्या केंद्रावरचा गॅस घटला आणि मुंबई-ठाण्यातले पंप एकापाठोपाठ बंद झाले. रिक्षात असलेल्या दोन-तीन लिटर पेट्रोलच्या राखीव टाकीचे मोल त्या दिवसांत कळले.

मिथेन हवेपेक्षा हलका. गळला तर वर निघून जातो, आणि तो आपणहून पेटायला पेट्रोलपेक्षा खूप जास्त, ५०० अंशांच्या वरचे तापमान लागते. त्या अर्थाने तो सुरक्षित इंधन आहे. भीती दाबाची असते. म्हणून भरताना प्रवासी उतरवतात, आणि म्हणूनच टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली चाचणी करावी लागते. चाचणीची तारीख टाकीवरच्या पट्टीवर असते. ती उलटलेली गाडी पंपाने परत पाठवली तर चालकाने हुज्जत घालू नये. फुटलेली टाकी त्याच्या आणि रांगेतल्या सगळ्यांच्या जिवावर बेतते.

गॅसवर इंजिनाची शक्ती सुमारे दहा टक्के घटते, कारण वायू सिलिंडरमध्ये जागा अडवतो आणि तेवढी हवा कमी शिरते. तो कोरडा जळतो, त्यामुळे व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात; कंपनीतून गॅसवर आलेल्या गाडीत त्या कठीण धातूच्या असतात, बाहेरून किट बसवलेल्या गाडीत बहुधा नाही. दुचाकीतही हे इंधन आता आले आहे. पुण्याच्या बजाज ऑटोने जुलै २०२४ मध्ये दोन किलो गॅस आणि दोन लिटर पेट्रोल घेणारी मोटरसायकल बाजारात आणली.

याच कुळातले दुसरे इंधन ऑटो एलपीजी. प्रोपेन आणि ब्यूटेनचे हे मिश्रण थोड्या दाबाखालीच द्रव होते, त्यामुळे टाकी हलकी आणि भरणे झटपट. पण ते हवेपेक्षा जड आहे. गळले तर खड्ड्यात, गटारात, चाळीच्या अरुंद बोळात साचून राहते. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधून नळी लावून गाडीत गॅस उतरवून घेण्याचा प्रकार बेकायदा तर आहेच, पण वस्तीला आग लावण्याची ती तयारी असते.

विजेची गाडी आणि चाळीतला बोर्ड

विजेच्या स्कूटरला एका किलोमीटरला साधारण ३० वॉट-तास लागतात. म्हणजे तीन युनिटांत शंभरेक किलोमीटर. पेट्रोलची स्कूटर ९ युनिटांची उष्णता, म्हणजे एक लिटर, जाळून ४५-५० किलोमीटर जाते. पेट्रोल इंजिन उष्णतेचा थोडाच हिस्सा चाकापर्यंत पोचवते आणि बाकी सायलेन्सर व रेडिएटरमधून हवेत जाते. मोटर मात्र घेतलेल्या विजेच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांचे काम करते. लाल सिग्नलला उभी मोटर काहीच खात नाही. थांबत-थांबत जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे नेमक्या शहाड-कल्याणसारख्या, तिचा फायदा सर्वांत जास्त. वीज कोळशातून येते हा आक्षेप खरा आहे. देशाच्या ग्रीडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. तरीही हिशेब केला तर विजेच्या स्कूटरचे किलोमीटरला सुमारे २१ ग्रॅम होतात आणि लिटरमागे २.३ किलो सोडणाऱ्या पेट्रोल स्कूटरचे ५० ग्रॅम. शिवाय तो धूर शाळेच्या फाटकापाशी निघत नाही.

अडचण सॉकेटची आहे. बंगल्यात किंवा नव्या सोसायटीत पार्किंगला बोर्ड असतो. मोहन्याच्या चाळीत गाडी बोळाच्या तोंडाशी आणि मीटर आत. खिडकीतून ओढलेली बारीक वायर, मधे जोडलेले एक्स्टेन्शन आणि पावसात भिजणारा प्लग ही रचना तासन्‌तास चार्जरचा प्रवाह वाहून नेण्यासाठी नसते. वायर तापते आणि आग बॅटरीच्या नव्हे, बोर्डाच्या बाजूने लागते. अशा घराला सुटी निघणारी बॅटरी सोयीची. ती उंबऱ्यात किंवा जिन्याच्या तोंडाशी चार्ज करू नये, कारण आग लागली तर बाहेर पडण्याची वाट तीच असते. मार्च २०२३पासून बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले आहेत, त्यामुळे जुनी गाडी घेताना ती आधीची की नंतरची हे पाहावे. बॅटरीच्या दोन जाती आढळतात: लिथियम आयर्न फॉस्फेटची जड पण उष्णतेला टिकणारी, निकेल-मँगनीज-कोबाल्टची हलकी आणि जास्त साठा करणारी. ठाणे जिल्ह्याच्या उन्हाळ्यात रोजच्या वापराला पहिली अधिक योग्य. रोज शंभर टक्के भरणे आणि सतत फास्ट चार्जरवर लावणे दोन्ही बॅटरीचे आयुष्य कमी करते.

महाराष्ट्राने २०२५च्या विद्युत वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्गावर विजेच्या गाड्यांना टोलमाफी दिली. कारवाल्याला ती उपयोगाची आहे. चाळीतल्या रिक्षाचालकाला टोलमाफीपेक्षा स्टँडजवळ रात्री गाडी लावता येईल असा चार्जरचा खांब हवा.

हायड्रोजनचे नाव पुढच्या काळाचे इंधन म्हणून घेतले जाते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने केपीआयटी कंपनीने बनवलेली हायड्रोजनची बस ऑगस्ट २०२२ मध्ये दाखवली गेली. तीत हायड्रोजन जाळत नाहीत, तर हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग घडवून वीज तयार करतात. मागे उरते ते पाणी. घरच्या गाडीसाठी निवड करताना आज त्याचा विचार करण्याचे कारण नाही.

काच, पाटी आणि कागद

गाडी कुठल्या इंधनाची हे बरेचसे बाहेरूनच ओळखता येते. एप्रिल २०१९नंतरच्या गाड्यांच्या काचेवर आतून होलोग्रामचा स्टिकर असतो: पेट्रोल व सीएनजीला फिका निळा, डिझेलला नारिंगी, भारत स्टेज सहाच्या गाडीला वर हिरवी पट्टी. विजेच्या गाडीची नंबरप्लेटच हिरवी. अपघातात अग्निशमनाच्या जवानाला आत उच्च दाबाची वीज आहे हे दुरून कळणे जिवाचे असते. पीयूसीची परीक्षाही इंधनाप्रमाणे बदलते. पेट्रोल-गॅसच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलच्या गाडीत धूर किती दाट ते पाहतात. विजेच्या गाडीला पीयूसी लागत नाही.

जुनी गाडी विकत घेताना या खुणांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. डिकीत गॅसची टाकी आहे आणि आरसीवर मात्र फक्त पेट्रोल लिहिले आहे, अशा गाड्या बाजारात फिरतात. त्यातले किट मान्यताप्राप्त नसते किंवा मान्यता असूनही कल्याणच्या आरटीओत नोंद केलेली नसते. अपघात झाला तर विमा कंपनी नेमके तिथेच बोट ठेवते. म्हणून आरसीवरचे इंधन, किटवरचा एआरएआयसारख्या संस्थेच्या मान्यतेचा क्रमांक, टाकीच्या पट्टीवरची चाचणीची तारीख आणि विम्याच्या कागदावरची किटची नोंद या चारही गोष्टी जुळवून पाहाव्यात. त्यातली एक जरी जुळत नसेल, तर ती विकणाऱ्याकडून आधी पुरी करून घ्यावी आणि मगच पैसे द्यावेत.